गोदाबाईचे चाळीस टक्के

अकोटच्या वामनरावांची सकाळची गोळी म्हणजे घरभर लगबग. सून पाणी आणी, मुलगा गोपाल चष्मा शोधी, आणि बायको गोदाबाई हातातलं काम टाकून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवी. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या धमनीत सत्तर टक्के अडथळा निघाला, तेव्हापासूनचा हा मान.

पुढे गोदाबाईच्याही छातीत कळ येऊ लागली. "ग्यास असन," म्हणत तिने तीन आठवडे ओवा चघळला. शेवटी मुलगी रागिणी तिला अकोल्याला घेऊन गेली. रागिणी अमरावतीत संशोधक. धमनीच्या आत बारीक नळी घालून घेतलेल्या चित्रांवरून तिथल्या चरबीच्या थरावर किती ताण पडतो, हे संगणकावर काढणं तिचं रोजचं काम. आईचा अडथळा निघाला चाळीस टक्के. घरादाराने हुश्श केलं.

रागिणीने मात्र आईची चित्रं स्वतः तपासली. चरबीवरचा पापुद्रा गळवाच्या कातडीसारखा पातळ झाला होता, आणि दर ठोक्याला सगळा ताण नेमका तिथेच येत होता. डॉक्टरही गंभीर झाले.

"बाबा, टक्क्यावर जाऊ नका. मायचा पापुद्रा कवाही फुटू शकते. तिची गोळी एक दिवस चुकली नाही पायजे."

"माहे सत्तर, तिचे चाळीस," वामनराव म्हणाले. "मी वावरात जाऊनच राहिलो ना? तू कावून भेव दाखवून राहिली तिले?"

ज्याचा आकडा मोठा, त्याचं दुखणं मोठं! आणि आपल्या घरात बाईचा आकडा मोठा असतो तरी केव्हा?

"माय, गोळी घेतली?" रागिणी रोज फोनवर विचारी.

"घेतली व बाई."

ती खोटं बोलत होती. दोघांच्या गोळ्या सारख्याच. गोपाल वडिलांच्या आठवणीने आणी, आईच्या पुढच्या खेपेवर जात. खेप लांबून वामनरावांच्या संपल्या की गोदाबाई आपल्यातली त्यांना देई. आधी पुरुषाने जेवायचं, उरलं तर बाईने, ही रीत तिने औषधालाही लावली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हेच आपलं पाप आहे.

एका बुधवारी भाकरी थापता थापता ती कोसळली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

"आत्याबाई आपल्या गोळ्या मामाजीले देत होत्या," सून रडत रागिणीला म्हणाली. "तुमाले सांगू नको म्हने."

तेरवीला ओसरीवर पुरुष बोलत होते, "चाळीसच टक्के होते. नशीब, दुसरं काय!"

रागिणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "नशीब नाही. तिच्या गोळ्या बाबानं खाल्ल्या. अन् मी संगनकात तिचा ताण पाहत राहिली, घरात येऊन पाहिला नाही."

वामनरावांची मान खाली गेली. "मले वाटलं, माह्याच हायेत," एवढंच ते पुटपुटले.

रागिणी आतल्या बायकांकडे वळली. "छातीत दुखते, पन घरी सांगतलं नाही, अशा कोन कोन हायेत इथं?"

मोठ्या काकूने पिठाने भरलेला हात वर केला. मग शेजारणीने. सगळ्यात शेवटी वर आला तो गोपालच्या बायकोचा हात.

गोपाल उंबऱ्यातच थबकला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.