बेरिलच्या टाचेचा ठोका

ग्लेन हॅलिवेलचं तोंड दिसलं की बेरिल थ्रेलफॉलचं डोकं उठायचं. आणि १९९६ सालच्या त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलमध्ये ते तोंड कुठे नव्हतं? बसच्या पाठीवर, पबच्या दारावर, तिच्या लोकरीच्या दुकानासमोरच्या भिंतीवरसुद्धा. एकतीस वर्षांचा घोडा, कपाळावर साठच्या दशकातल्या पोरांसारखी केसांची झालर, गळ्यात त्याच काळातली गिटार, आणि चेहऱ्यावर भाव असा की ते दशक यानंच शोधून काढलं.

झालर चालली असती. तिचा खरा संताप होता त्याच्या गाण्यांवर. त्याच्या प्रत्येक गाजलेल्या गाण्यात गिटार दौडत निघायची, तिसऱ्या फेरीला एका ठोक्यापुरती गप्प व्हायची, त्या पोकळीत 'ठप्प' असा आवाज यायचा आणि मग पुन्हा दौड सुरू. वर्तमानपत्रं याला 'हॅलिवेलचा श्वास' म्हणायची. एका प्राध्यापकानं तर लिहिलं होतं, की मर्सी नदीची भरती ज्या क्षणी ओहोटीला वळते तो हा क्षण आहे.

"भरती म्हणे!" बेरिल तिच्या जुन्या मैत्रिणीला, डिलिसला म्हणाली होती. "अगं, माझा बूट आहे तो!"

तो बूटच होता. १९६४ साली चार पोरींचा ग्रुप होता. बेरिल गिटारवर, डिलिस ड्रमवर. बेरिलच्या बापानं जुन्या रेडिओचे भाग चहाच्या खोक्यात बसवून तिला गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प करून दिला होता, आणि त्याची एक तार कायम ढिली. तिसऱ्या फेरीला आवाज जायचाच. मागं टाच हाणली की परत यायचा. ती टाच हाणेपर्यंत डिलिस एक ठोका सोडून द्यायची. पुढे तार दुरुस्त झाली, पण तोवर टाच अंगात भिनली होती. एका रेडिओवाल्याच्या मागच्या खोलीत त्यांनी ती धून एकदाच तबकडीवर उतरवली. बिनशब्दांची धून, एकुलती एक तबकडी. डिलिसच्या आईनं पुढे ती जुन्या हॅटांच्या खोक्यात घालून चर्चच्या विक्रीला देऊन टाकली. पुण्य लागलं असेल बाईला.

ज्या 'कोलहोल' क्लबच्या तळघरात त्या वाजवायच्या, तिथे आता पर्यटक यायचे. तिथे वाजवलेल्या ग्रुपांच्या नावांची पितळी पाटी भिंतीवर लागणार होती. एकूण दोनशे अकरा नावं. त्यात एक ग्रुप असा, की जो एकदाच आला आणि अर्ध्यातच दारू पिऊन स्टेजवरून पडला. या चार पोरींचं नाव मात्र नव्हतं. कमिटीचा सेक्रेटरी होता स्टॅन ऑर्मरॉड. त्या काळी तो क्लबच्या दारात बसून लोकांच्या हातावर शिक्के मारायचा. आता कोट-टाय घालून तो शहराच्या इतिहासावर शिक्के मारत होता.

बेरिल तीनदा जाऊन आली.

"पोस्टर आहे का? तबकडी? एखादा फोटो?" स्टॅननं तिन्ही वेळा विचारलं.

"स्टॅन, तू रोज आम्हाला दार उघडायचास!"

"मी पुष्कळांना उघडलं, बेरिल. कमिटीला पुरावा लागतो. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मी पण होते."

बेरिल स्वतःसाठी भांडत नव्हती. वसंतात डिलिसच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी नाताळाचे बेत करू नका असं सांगितलं होतं. डिलिसला आवाज म्हणून उरला नव्हता, नुसती कुजबुज होती. त्या कुजबुजीत तिनं एकच मागितलं होतं.

"थडग्यावर नवऱ्याचं आडनाव येणार, बेरिल. भिंतीवर तरी आपलं येऊ दे."

शनिवारी दुपारी पाटी लावायला खुद्द हॅलिवेल आला. तळघर गच्च भरलेलं. तिसऱ्या रांगेत बेरिल आणि शेजारी, औषधांनी केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधलेली डिलिस. हॅलिवेल माइकपुढे आला. हा आता भरती-ओहोटी सुरू करणार, म्हणून बेरिल दात आवळून बसली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "माझं काहीच माझं नाही. एकोणीस वर्षांचा होतो. चर्चच्या विक्रीत हॅटांच्या खोक्यात एक तबकडी सापडली. वर नाव नाही, गाव नाही. त्यातला तो ठोका ऐकला आणि मी खुळा झालो. माझं एकेक गाणं म्हणजे त्या ठोक्याची नक्कल आहे."

बेरिलचा राग एकदम पोरका झाला. चोर म्हणावं तर हा चारचौघांत कबुली देत होता.

"बारा वर्षं त्या चार पोरांना शोधतोय," हॅलिवेल पुढे म्हणाला. "इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या वादकाला विचारलं. कोणालाच माहीत नाहीत. तो ड्रमवाला तर काय गडी असेल! गवंड्याचे हात असणार त्याचे."

डिलिसनं स्वतःच्या काडीसारख्या मनगटांकडे पाहिलं आणि ती आवाजाशिवायच गदगदून हसली. बेरिलला हसू आलं नाही. बारा वर्षं या दिवट्यानं सगळं शहर पालथं घातलं, आणि एका बाईला म्हणून विचारलं नाही. ती उठली.

"तुझी पोरं इथंच बसलीत," ती म्हणाली.

लोक हसले. ती सरळ स्टेजवर चढली. हॅलिवेलनं माइकवर हात ठेवला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर होते का त्या ग्रुपमध्ये?"

बेरिलनं त्याचा हात माइकवरून काढला. "मिस्टर बिस्किटांच्या कारखान्यात होते. त्यांना शिट्टीसुद्धा सुरात येत नव्हती. आण ती गिटार इकडे."

बोटं आखडली होती. पहिली फेरी घसरली, लोक खुसखुसले. दुसरी सावरली. तिसऱ्या फेरीला गिटार थांबली, आणि बेरिलची टाच मागे जाऊन हॅलिवेलच्या चकचकीत ॲम्पवर बसली. ठप्प! तिकडे तिसऱ्या रांगेत डिलिसचे दोन्ही तळवे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पडत होते, बरोब्बर तो एक ठोका सोडून.

हॅलिवेल तिच्या टाचेकडे वाकून बघायला लागला. त्या आवाजासाठी त्यानं बारा वर्षं ड्रमवाल्यांना लाकडी खोकी बडवायला लावली होती.

"बूट?" तो म्हणाला.

"बूट," बेरिल म्हणाली.

आता लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. स्टॅन ऑर्मरॉड पाटीशेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन मान पुसत होता. "कमिटीपुढे ठेवू आपण," तो पुटपुटला. "नाव काय म्हणालीस ग्रुपचं?"

तीनदा सांगितलं होतं. बेरिलनं माइक उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. "तू सांग, स्टॅन."

स्टॅननं बेरिलकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे, आणि त्याची नजर तिथेच राहिली.

"द लॅम्पलायटर्स," तो म्हणाला. "दर मंगळवारी, दुपारी पाऊण वाजता. डिलिस ड्रमच्या काठ्या केसांत खोचून यायची."

डिलिसचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला.

"आणि तू पुरावा मागत होतास," बेरिल म्हणाली.