चिन्नोरची गादी

"या जगात स्थिर अशी एकही वस्तू नाही," प्रभाकर ढोमणे यांनी जाहीर केलं. "पृथ्वी फिरून राह्यली, सूर्य फिरून राह्यला, सारं ब्रह्मांड हालून राह्यलं. मंग माह्या एका कॅमेऱ्यानंच काय पाप केलं?"

हे ऐकायला ब्रह्मांडाच्या वतीने दोघंच हजर होते. एक त्यांची बायको आशालता आणि दुसरे कटंगीचे सुखरामजी, जे पोरीच्या लग्नाचं बोलायला आले होते. ब्रह्मांडाने मात्र ताबडतोब दुजोरा दिला. प्रभाकररावांच्या हातातला काठोकाठ भरलेला कप थरथरला, निम्मा चहा बशीत गेला आणि उरलेल्यातला थोडा पायजम्यावर.

"म्हनून म्हनते, अर्धाच कप घेत जा," आशालताबाई म्हणाल्या.

"मी काय लहान पोट्टा आहो का? पूर्ण भर."

त्यांनी पूर्ण भरला. लग्नाला एवढी वर्षं झालेली बाई कपावरून वाद घालत नाही.

सुखरामजींनी पायजम्याकडे बघायचं टाळलं. "ब्रह्मांडाचं मले समजत नाही, भाऊ. पण माह्या मोठ्या पोरीच्या कॅसेटमध्ये पंडितजी बसल्या जागी नाचून राह्यले. व्याही विचारते, याले कोणं पाजली?"

"कॅमेऱ्यातच खोट आहे जी. आतली स्प्रिंग ढिली झाली."

"असंन. आता आखाजीच्या मुहूर्तावर धाकट्या श्रद्धाचं लग्न आहे. गोंदियावाला दोन कॅमेरे आणतो म्हन्ते. पण आपला जुना संबंध. तू मले फक्त एक पिक्चर दाखव, जे हालत नाही. कशाचंही दाखव. म्हशीचं दाखव, चालते."

एवढं बोलून ते बसस्टँडकडे गेले.

बालाघाटात लोक व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर जागत, तेव्हापासून 'आशा व्हिडिओ' हे दुकान चालू होतं. राजेगावपासून लामत्यापर्यंतच्या कित्येक नवऱ्यांचा घाम आणि कित्येक वरमायांचे रुसवे प्रभाकररावांनी टिपले होते. दोनेक वर्षांपासून मात्र त्यांच्या चित्रात सगळेच हलायला लागले. वधू हले, वर हले, भिंतीवरचे गणपती हलत. प्रभाकररावांनी कॅमेरा नागपूरला नेला. तिथला मेकॅनिक म्हणाला, यात काही खराबी नाही. मग जबलपूरला नेला. तोही तेच म्हणाला. अशा रीतीने महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांतले मेकॅनिक नालायक ठरले.

सुखरामजींच्या घरच्यासारखी लग्नं आता हातात फार उरली नव्हती. हेही गेलं तर उन्हाळ्यात दुकान उघडून फक्त धूळच झटकायची होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांचा अनुराग पुण्याहून सुट्टीवर आला आणि गावभर कुतूहलाची साथ पसरली. कारण तो गाडी घेऊन आला होता. लाल, दोनच माणसांची, कापडी छपराची. गाडी इतकी ठेंगणी, की तिच्यातून उतरणारा माणूस विहिरीतून वर आल्यासारखा दिसे. तिच्याभोवती जमलेली माणसं वाकून आत बघत, आणि आत बसलेला अनुराग त्यांच्या पोटांकडे बघून नमस्कार करी.

ती गाडी 'आशा व्हिडिओ'समोर थांबली, तेव्हा शेजारचा पानवाला महागू हातातलं पान तसंच ठेवून आला.

"अंकल, गाडीच्या आत कॅमेरा लावाचा आहे," अनुराग म्हणाला. त्याचं मराठी पुण्यात जाऊनही सुधारलं नव्हतं. "अगले महिने ट्रॅक डे आहे, साउथमध्ये. उसके पहले मले पाहाचं आहे, की मोडवर माझे हात काय करतात."

"ट्रॅक डे म्हंजे?" महागूने विचारलं.

"रेसचा रस्ता असतो ना, तिथं पैसे भरून आपली गाडी पळवाची. दिवसभर."

"जाते कुठं तो रस्ता?"

"कहीं नहीं. गोल आहे. जिथून निघालो तिथंच परत."

महागूने विचार केला. "मंग आपली कटंगीची बस बरी. कटंगीले तरी नेते."

प्रभाकरराव हसले नाहीत. 'माझे हात काय करतात' या शब्दांपाशी त्यांचं मन अडकलं होतं. त्यांनाही एक गोष्ट बघायची होती, पण ती ते कुणाला सांगू शकत नव्हते. हातच नसला, तर आपल्या कॅमेऱ्याला काय दिसतं?

"लावून देतो," ते म्हणाले. "फक्त एक चक्कर सुखरामजीले दाखवीन."

पुढचे काही दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. महागूचं मत पडलं, की सायकलच्या ट्यूबने बांधावा. डॉक्टरसाहेबांचा कंपाउंडर प्लास्टर घालायला तयार होता. प्रभाकररावांनी आधी स्टँडच सीटला बांधला. गाडी चौकातून वळताच तो नवरीच्या करवलीसारखा कलंडला आणि कॅमेरा अनुरागच्या मांडीत आला. मग वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पट्टी करून दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ठोकली. कॅमेरा घट्ट बसला, तसूभर सरकेना. पण पडद्यावर पाहतात तो सगळं गाव उतू जाणाऱ्या दुधासारखं बुदबुदत होतं.

"घट्ट तर आहे," अनुराग म्हणाला. "फिर भी काहून?"

हे 'काहून' घेऊन प्रभाकरराव दोन दिवस फिरले. जेवतानाही ते वरणाच्या वाटीकडे संशयाने बघत. आणि मग एका सकाळी आशालताबाई ओट्यावर मिक्सरमध्ये चटणी वाटत असताना त्यांना ते दिसलं. मिक्सर गुरगुरला तसे ओट्यावरचे पेले थरथरले, ताटल्या किणकिणल्या, चमचे चालायला लागले. एकच वस्तू गप्प होती. तांदळाच्या उघड्या डब्यात अर्धं खुपसलेलं माप.

"बंद कर," ते ओरडले. "आता चालू कर. आता बंद कर. पुन्हा चालू कर."

"चटनीचं पानी झालं जी," आशालताबाई म्हणाल्या.

"लोखंड हादरा पुढं पाठवते वो. तांदूळ गिळून टाकते!"

जुन्या सतरंजीची एक लहान गादी शिवायची ठरली. आत तांदूळ. प्रभाकरराव डबे हुंगत हिंडले आणि सुवासिक चिन्नोर तांदळाच्या डब्यापाशी थांबले.

"तो नाही," आशालताबाई मध्ये आल्या. "तो जावयासाठी ठेवला आहे."

"याचा दाना बारीक आहे. दान्याले दाना लागून बसते. मोठ्या दान्यात पोकळी राहते. शास्त्र आहे हे."

"शास्त्राले खीर लागत नाही. संकेतरावले लागते."

पण शास्त्र जिंकलं. गादी तयार झाली आणि दुकानभर असा सुवास सुटला, की गिऱ्हाईक आल्यावर आधी विचारी, आज काय आहे?

शनिवारी सकाळी सगळे जुन्या हवाईपट्टीवर गेले. इथे विमान उतरल्याचं कुणाला नीट आठवत नव्हतं. पट्टीचा खरा उपयोग धान वाळवायला होई. चौकीदाराने 'मलेही एक चक्कर' या अटीवर फाटक उघडलं. अनुरागने डांबराचे रिकामे ड्रम वळणावळणावर मांडले.

प्रभाकररावांनी गादी दोन सीटांच्या मधोमध ठेवली, मुठीने खळगा केला आणि कॅमेरा त्यात अंडं ठेवावं तसा बसवला. वरून पट्टा, पट्टा खाली सीटच्या दांड्याला. मांडववाले एका दोरीवर कधी विश्वास ठेवत नाहीत, म्हणून आणखी एक दोरी, वेगळी, दुसऱ्या दांड्याला. गाठ मारायची वेळ आली तेव्हा ते थांबले.

"तू मार," ते आशालताबाईंना म्हणाले. "बायांच्या गाठी पक्क्या असतात."

त्यांनी मारली. दोघांनी कॅमेरा ओढून पाहिला, ढकलून पाहिला. हलेना. फोकस प्रभाकररावांनी नेहमीप्रमाणे आपोआपवर ठेवला. ती बारीक रिंग फिरवणं त्यांनी हल्ली सोडलंच होतं. मग ते मागे वळून ड्रमांकडे चालू लागले, आणि तेवढ्यात आशालताबाईंनी पदराची गाठ सोडली.

वार शनिवार. घरातला एकुलता एक कॅमेरा भरधाव गाडीत जाणार. त्यांनी लिंबू-मिरची आणलेली होती. रीतीप्रमाणे ती गाडीच्या पुढे खाली बांधायची. पण ही गाडी इतकी ठेंगणी, की लिंबू पहिल्याच मीटरला डांबरावर किसलं गेलं असतं. म्हणून त्यांनी ते आत, काचेजवळच्या आरशाला बांधलं.

"काकू, ये..." अनुराग म्हणाला.

"परत येईपर्यंत सोडाचं नाही. नाही तर माह्या गळ्याची शपथ."

रेसच्या कुठल्याही नियमावलीत यावर उत्तर नाही. अनुरागने गाडी सुरू केली.

गाडी अशी गेली, की झाडावरचे बगळे उडाले ते नदीपल्याडच बसले. ड्रमाभोवती टायर किंचाळले. प्रभाकरराव पट्टीच्या कडेला उभे होते, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून.

संध्याकाळी दुकानात टीव्हीसमोर अनुराग, महागू, आशालताबाई आणि खास कटंगीहून आलेले सुखरामजी बसले. प्रभाकररावांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक लिंबू आलं.

काय लिंबू होतं! सालीवरचं एकेक छिद्र मोजावं, देठाशी पिवळ्यात मिसळलेला हिरवा ओळखावा, सुताचा पीळ दिसावा. खाली मिरच्या, प्रत्येकीची चमक वेगळी. आणि त्यांच्या पलीकडे दूर कुठेतरी धुक्यात काही लालसर, काही काळसर सरकत होतं. ती हवाईपट्टी, ते ड्रम, आणि बहुधा अनुराग. आपोआप फोकसने आपलं काम इमानाने केलं होतं. जे सगळ्यांत जवळ आणि चमकदार, ते धरलं होतं. लग्नात तो असाच नवरीची नथ धरी.

"अंकल," अनुराग रडवेल्या आवाजात म्हणाला, "मेरे हाथ कहाँ हैं?"

"मिरचीच्या मांगं असतीन," महागू म्हणाला.

लिंबू डावीकडे गेलं, म्हणजे गाडी उजवीकडे वळली असावी. लिंबू उडालं, म्हणजे खड्डा. महागूने ताबडतोब समालोचन सुरू केलं. हसून हसून अनुरागच्याही डोळ्यांत पाणी आलं. "चला, उद्या बिना लिंबाचं काढू," तो म्हणाला. आशालताबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की लाजत होत्या, ते कळत नव्हतं.

सुखरामजी एकटे पुढे झुकून बघत होते. लिंबाकडे नाही, काचेच्या चौकटीकडे. ती चौकट पडद्यावर खिळा मारल्यासारखी होती. एवढा वेग, एवढी वळणं, पण तिची रेघ केसभरही सरकत नव्हती.

"भाऊ," ते म्हणाले, "लिंबू हालते. पिक्चर हालत नाही."

प्रभाकररावही पडद्याकडे झुकले.

"गोंदियावाल्याले नाही म्हनून सांगतो. तू ये आखाजीले. खुर्चीवर बस, पुढं टेबल ठेव, टेबलावर हे गादी. कॅमेऱ्यात खोट नाही ना गा, बैठकीची कमी होती!" आणि खूश होऊन, प्रभाकररावांच्या खांद्यावर थाप मारून ते शेवटची बस पकडायला गेले.

अनुराग गेला. महागूने आपल्या पानाच्या दुकानाची फळी लावली. टीव्हीवर लिंबू थांबवून ठेवलेलं होतं, चौकटीच्या बरोबर मधोमध. प्रभाकरराव त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. गुडघ्यावरही तो आपलं काम करत होता.

"कॅमेरा चांगला आहे वो," ते म्हणाले.

"हौ," आशालताबाई म्हणाल्या.

"नागपूरवाला बी चांगलाच होता."

"हौ. जबलपूरवाला बी."

आशालताबाईंनी गादी उचलून मांडीवर घेतली आणि शिवण चाचपली. "याच्यातला चिन्नोर काढून घेते. संकेतराव येऊन राह्यले. तुमाले साधा तांदूळ भरून देते, चार दिवसांनी दाना बसते. लग्नात कोन गादीचा वास घेते?"

"भर," प्रभाकरराव म्हणाले. "बारीक पाहून भर."

त्यांनी टीव्ही बंद केला. लिंबू गेलं.

"चहा टाकू का?" आशालताबाईंनी उठता उठता विचारलं.

"टाक," ते म्हणाले. त्या आतल्या दारापर्यंत पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "अन् ऐक वो. कप अर्धाच भर."