मुका पिच्चर

“आवं, हितं एवढं बरफ पडलंय, आन् तुमी मला पातळ साडीवर नाचाया आणलंसा! माझं स्वेटर कुटं हाय?”

दगडाबाईनं नायिकेच्या तोंडचं वाक्य पुरं केलं आणि लगेच आवाज जाड करून नायकाची बाजू घेतली, “स्वेटर उसाच्या ट्रॅक्टरात राह्यलं गं. तू चार गिरक्या घे, म्हंजे आपसूक ऊब येतीया.”

टीव्हीचा आवाज बंद होता. रात्रीचे दोन वाजून गेले होते. दगडाबाई भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून जमिनीवर बसली होती. तिच्या दोन पायांमधल्या खोलगट जागेत, मऊ लुगड्याच्या घडीवर, तेरा दिवसांची पोर झोपली होती. पोरीची आई अर्शिया पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि तिचे खांदे हलत होते.

दगडाबाईनं निरखून पाहिलं. दवाखान्यातून घरी आल्यापासून आठ रात्री हे खांदे असेच हलत होते, पण ते रडणं होतं. रडणारा खांदा आत ओढला जातो. हा बाहेर उसळत होता. अर्शिया वळली. एका हातानं पोटावरचे टाके दाबून धरत ती हसत होती.

“मावशी, बास ओ! टाके दुखतात.”

“दुखू देत. हसून दुखलेलं लवकर भरतं,” दगडाबाई म्हणाली आणि तिनं मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले.

ही पोरगी साताऱ्यात बँकेत नोकरीला होती. माहेरी इस्लामपूरला बाळंतपणाला आली आणि ऑपरेशन झाल्यापासून मुकी झाल्यासारखी झाली. पोरीला पाजायची, पाजून झालं की दगडाबाईच्या पायावर द्यायची आणि भिंतीकडं वळायची. नवरा शाहरुख दर रविवारी साताऱ्याहून यायचा, उशाशी बसायचा, आणि जाताना दारात रुमालानं डोळे पुसायचा. तिची आई नूरजहां दिवसभर बाजारात बांगड्यांचं दुकान सांभाळून दमून यायची. ती दगडाबाईला म्हणाली होती, “मावशी, हिलाबी तूच याच पायावर वाढीवलीस. आता हिच्या पोरीलाबी तूच बघ, आन् जमलं तर हिलाबी.”

खरंच होतं ते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आटपाडीकडच्या माळावरून मेंढरांमागं फिरत आलेलं दगडाबाईचं घर इस्लामपुरात कायमचं टेकलं, तेव्हा तिनं धरलेलं पहिलं काम म्हणजे ही अर्शिया. तेव्हापासून बाळंतिणीला न्हाऊ घालणं, शेक देणं आणि रात्रभर तान्ह्याला पायावर घेऊन बसणं, यात तिचा जन्म गेला. किती पोरं झाली असं कुणी विचारलं की ती तोंडावर हात ठेवायची. “पोरं मोजू न्हाईत बया. दिष्ट लागती.” तिच्या आईची आधीची तीन लेकरं गेली, म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलं, की देवानंही दगड समजून वाटेत सोडून द्यावं. “नाव दगडाचं, पर पाय लोण्याचं,” असं बायका म्हणायच्या. ती नुसती हसायची, पण ते वाक्य घरी नेऊन देवापाशी ठेवायची.

तिच्या कामाचे नेम ठरलेले होते. बसल्या जागी डोळा लागू द्यायचा नाही. झोप येऊ नये म्हणून टीव्ही लावायचा, आणि तान्ह्याची झोप मोडू नये म्हणून त्याचा आवाज बंद ठेवायचा. असे किती पिच्चर तिनं बघितले, त्याला गणती नाही. शेवट मात्र एकाचाही ठाऊक नव्हता, कारण मारामारी ऐन रंगात आली की पोर हमखास जागं व्हायचं. मग त्या मुक्या माणसांच्या तोंडात आपली भाषा घालायची खोड तिला लागली. बरफातली नायिका, परदेशातला नायक, कोर्टातला जज, सगळे तिच्याकडं येऊन आटपाडीचे होऊन जात.

रविवारी तिचा बिरोबाचा उपास असे. त्या दिवशी कपाळाला भंडारा लावून ती यायची. नूरजहां न सांगता वेगळ्या भांड्यात रताळी उकडून ठेवायची. “खा गं बाई. उपाशी बाईच्या पायावर माझी नात निजली, तर तुझा बिरोबा मलाच जाब इचारंल.” नूरजहांचा आवाज दुकानात गिऱ्हाईक बोलवून बोलवून खणखणीत झालेला. तो दगडाबाईला ऐकू यायचा.

बाकीचं फारसं ऐकू येत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली. कारखान्याचा भोंगा आता कानाला नाही, छातीला कळायचा. लोकांच्या ओठांकडं बघून, मान डोलवून ती वेळ निभावून न्यायची. कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री तान्ह्यापाशी बसणारी बाई बहिरी आहे म्हटल्यावर कोण आपलं लेकरू तिच्या पायावर देईल? आणि पायावर लेकरू नसलेली रात्र कशी घालवतात, हे तिला माहीतच नव्हतं.

त्या हसण्याच्या रात्रीनंतर अर्शिया बदलत गेली. ती पलंगावरून उतरून दगडाबाईच्या शेजारी येऊन बसू लागली. “मावशी, आता व्हिलन काय म्हणतो?” असं डोळे मोठे करून विचारू लागली. एकदा तर पोरीच्या इवल्या मुठीत स्वतःचं बोट देऊन ती तासभर बसली. दगडाबाईनं पडद्यावरची नजर हलवली नाही. चूल नुकती धरली की तिच्याकडं टक लावून बघू नये.

एकोणिसाव्या रात्री कोर्टाचा पिच्चर लागला होता. एक म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून हात जोडून बोलत होता. दगडाबाई रंगात आली. “सायेब, म्हस माझीच हाय. माझ्यावर इस्वास नसंल, तर म्हशीला इच्यारा. ती खोटं बोलायची न्हाई, वकिलासारखी शिकल्याली न्हाई ती!”

एकाएकी पायावरची पोर दोन्ही हात फेकून दचकली.

“का गं बाय? काय सपान पडलं?” दगडाबाईनं पायाचे अंगठे हलवायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्याचं बोलणं पुढं चालू ठेवलं, “तर सायेब, त्या म्हशीला...”

तिची नजर अर्शियाकडं गेली. अर्शिया घाईघाईनं स्वतःच्या कोपराखालून रिमोट ओढत होती. टीव्हीच्या तळाशी आवाजाच्या हिरव्या रेघांची रांग लांबच लांब वाढली होती. अर्शियानं बटण दाबल्यावर ती मिटत गेली. मग अर्शियानं आतल्या खोलीच्या दाराकडं बघून ओठ हलवले. नूरजहां जागी होऊन काहीतरी विचारत असणार. म्हणजे आवाज आतपर्यंत गेला होता. सगळं घर दणाणलं होतं, आणि दगडाबाई आपली म्हशीचा खटला चालवत बसली होती.

दोघींची नजरानजर झाली. अर्शियानं पोरीकडं बघितलं, दगडाबाईच्या कानांकडं बघितलं, आणि पलंगावर जाऊन आडवी झाली.

पुढच्या तीन रात्री दगडाबाईनं एकाही नटाला बोलतं केलं नाही. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवत राहिली. अर्शिया डोळे मिटून पडायची, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत, हे दगडाबाईला कळत होतं. ती पाळतीवर होती. बघू दे. आई हाय ती, तिनं बघायलाच पायजे. दगडाबाई आपलं काम करत राहिली. पोरीच्या पोटात कळ आली की आधी तिच्या टाचा ताठ होतात. भूक लागली की मान डावीकडं वळते. रडू यायच्या आधी छातीत एक बारीक उचकी उठते, ती नडगीला लागते. लागली की अंगठे हलवायचे. कळ तिथंच विरून जाते.

दुसऱ्या रात्री अर्शियाचा जरा डोळा लागला होता, तेव्हा पोरीच्या अंगातली हालचाल एकदम थांबली. दगडाबाईनं क्षणाचाही वेळ न घालवता तिला उचलून हातावर पालथी घेतली, पाठीवर हलक्या थापा मारल्या. नाकातोंडातून दूध बाहेर आलं. पोरीनं श्वास घेतला, आणि मग तोंड एवढं उघडून रडली. दगडाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. वर बघितलं तर अर्शिया पलंगावर ताठ उठून बसली होती, पांढरीफटक. तिला जाग आली ती रडण्यानं, म्हणजे सगळं झाल्यावर. दगडाबाईनं पोर तिच्या कुशीत दिली.

तिसरी रात्र सरली, रविवार उजाडला. दगडाबाई घरी जाऊन अंघोळ करून आली. देवापाशी बसल्यावर भंडारा कपाळाला लावता लावता तिचा हात थांबला होता. आपण खोटं कुठं बोललो, असं तिनं दोन वर्षं स्वतःला समजावलं होतं. पण न सांगणं हे उपासाच्या दिवशी चोरून खाण्यासारखंच. आज सांगायचं, असं ठरवून ती नूरजहांच्या घरात शिरली.

स्वयंपाकघराच्या दारात मायलेकींचं जुंपलं होतं. दगडाबाई सोप्यातच थबकली. अर्शिया हातवारे करून बोलत होती, एवढं बोलताना तिला महिन्यात पाहिलं नव्हतं. नूरजहां लाटणं हलवत नाही, नाही म्हणत होती. तिचाही आवाज आज दबलेला असावा, कारण दगडाबाईपर्यंत काही पोचत नव्हतं. मुका पिच्चरच तो. आणि खोडीप्रमाणं दगडाबाईच्या मनानं दोघींच्या तोंडात शब्द घातले.

“अम्मी, बहिरी हाय ती. माझी पोरगी तिच्या हवाली कशी करू?”

“गप गं, जुनं मानूस हाय, असं कसं काढायचं?”

“मग तू तरी सांग. आजपास्नं येऊ नको म्हणावं.”

अर्शियानं पाय आपटला. नूरजहांनं कपाळाला हात लावला, मग वळून दगडाबाईला बघितलं आणि तिच्याकडं यायला निघाली.

दगडाबाईनं पदर सारखा केला. काढून टाकण्याआधी आपणच सांगावं, एवढी तरी लाज राखावी. “भाभी, मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. मी आधीच सांगाय पायजे व्हतं. चुकलं माझं.”

नूरजहां तिच्या डाव्या कानापाशी तोंड नेऊन कडाडली, “ठाऊक हाय मला! पयल्या दिशीच कळलं. जलमभर बायकांच्या हातात बांगड्या भरती मी. बाई ऐकती का नुसती मुंडी हलवती, एवढं कळत न्हाई व्हय?”

“आन् तरी नात दिलीसा माझ्यापाशी?”

“तुझं कान चांगलं व्हतं तवा तरी तू कुटं कानानं पोरं सांभाळलीस? कानाला कळतं तवा पोर रडून मोकळं झाल्यालं असतं. मी आई हाय हिची, मी बघितलंय तुला.”

“मग ह्ये भांडान कशापायी?”

“अगं, ही तुला सातारला न्हेते म्हनती! मी म्हनले, म्हातारीला वडत न्हिऊ नको, तिची हितं चार घरं वाट बघत्यात. तर माझ्यावरच वसकन् आली.”

अर्शिया पुढं आली. तिनं दगडाबाईचा हात धरला आणि तोंड समोर आणून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मावशी, चला ना. मला नाही कळत तिचं काही. रडली की मगच कळतं. तुम्हाला आधी कळतं.”

दगडाबाईला ते एकूणएक कळलं. तिचे डोळे भरले, पण मान ताठ झाली. आपल्या हातचं काम कुणीतरी पापण्यांच्या फटीतून बघितलं होतं, तीन रात्री, टक लावून.

“म्या न्हाई यायची सातारला,” ती म्हणाली. “पर माझं पाय हितं हायती, आन् तुझंबी हायतीच की. रातच्याला बस माझ्या शेजारी.”

मग रात्रीमागून रात्री अर्शिया भिंतीला पाठ टेकून बसू लागली. पहिल्यांदा पायाला मुंग्या यायच्या, ती कुरकुरायची. “बँकेत खुर्चीवर बसून बसून पाय येडं झाल्यात तुझं,” दगडाबाई तिला टोमणे मारायची. मध्येच पडद्यावरच्या जजच्या तोंडून सांगायची, “आरोपी अर्शिया, पाय ताठ धरू नको, पोरीला ती लाकडाची चौकट वाटती. सैल सोड. टीव्ही डोळ्यानं बघ, पर ध्यान नडगीत ठिव.” अर्शिया हसायची आणि पाय सैल सोडायची.

पोरीच्या चाळिसाव्या दिवसाची आदली रात्र. उद्या शाहरुख मायलेकींना साताऱ्याला न्यायला गाडी घेऊन येणार होता. पिच्चर बराच पुढं गेला होता. पोर अर्शियाच्या पायावर होती आणि अर्शिया पडद्याकडं बघत होती. दगडाबाई पडद्याकडं बघत नव्हती. तिची नजर अर्शियाच्या पावलांवर होती.

पोरीच्या छातीत ती बारीक उचकी उठली असणार. दगडाबाईला इथून ती दिसली नाही. पण अर्शियाच्या पायांचे अंगठे हलू लागले. तिची नजर पडद्यावरून ढळली नव्हती. पोरीचा चेहरा आक्रसायला लागला होता, तो तसाच पुन्हा सैल पडला.

दगडाबाईनं तोंड फिरवून टीव्हीकडं केलं. पिच्चर संपत आला होता. नायक आणि नायिका एका लांबच लांब रस्त्यावरून चालत निघाले होते, पाठमोरे, काही न बोलता. तर असा असतो होय शेवट. तिनं त्यांच्या तोंडात एकही शब्द घातला नाही. अठ्ठावीस वर्षं रात्री लांब सोडलेले आपले पाय तिनं हळूच जवळ घेतले आणि देवापुढं बसतात तशी मांडी घालून ती पडदा काळा होईपर्यंत बसून राहिली.