तपकिरीची डबी कुणापाशी थांबली?

माझे वडील, ॲल्बर्ट टॅपसेल, केंब्रिजच्या सेंट ऑसिथ कॉलेजात बटलर होते. कॉलेजच्या मागच्या गल्लीतलं ते घर आम्ही आमचं म्हणायचो, पण होतं कॉलेजचं. हा फरक आम्हाला एका जून महिन्यात नीट समजला. प्राध्यापकांच्या जेवणानंतर संस्थापकांची चांदीची तपकिरीची डबी नाहीशी झाली, आणि चांदीच्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली बाबांकडे होती.

कॉलेजचे कारभारी पॉमफ्रेटसाहेब गालगुंडांमुळे त्या जेवणाला नव्हते. सुजलेल्या गालांनीच ते आमच्या दारात आले. "रविवारपर्यंत डबी मिळाली नाही टॅपसेल, तर घर सोडावं लागेल."

आईने त्याच दुपारी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. बाबा नुसते खुर्चीत बसून राहिले.

तेव्हा शेजारच्या मिसेस प्रथेरो धावून आल्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या विधवा. नवऱ्यामागे त्यांना दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक सूक्ष्मदर्शक आणि भरपूर मोकळा वेळ.

"टॅपसेल, रडू नका. चोर मी पकडते."

"मी रडत नाहीये, बाईसाहेब."

"मग रडा थोडं. साक्षीदारांवर बरा परिणाम होतो."

त्यांचा तर्क सरळ होता. डबी ज्याच्याकडे तो तपकीर ओढणार, आणि ओढेल तो शिंकणार. म्हणून त्या शिंकणाऱ्यांच्या मागे लागल्या. पण जूनमध्ये नदीकाठच्या गवताला तुरे येतात आणि त्यांच्या परागांनी अख्खं गाव शिंकतं. पोस्टमन शिंकला, त्याची पिशवी तपासली. चर्चमधले गाणारे ओळीने शिंकले, त्यांना टोळी ठरवलं. शेवटी खुद्द पोलीस शिंकला. बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा सायकल हातात धरून चालतच निघून गेला.

शनिवारी त्यांनी त्या जेवणाला बसलेल्या प्राध्यापकांना चहाला बोलावलं. वाढायला मी होते. सगळ्यांचं उत्तर एकच: "चोर? छे, आम्ही कुणालाही चोरताना पाहिलं नाही."

शहाजिऱ्याच्या केकची ताटली फिरू लागली. ती रेव्हरंड लमलींपाशी आली आणि थांबली. लमली शेजाऱ्याला इजिप्तबद्दल काहीतरी सांगत होते. त्या शेजाऱ्यासकट बाकीचे चौघे केककडे बघत होते. कुणी घसा खाकरला, कुणी बशीवर चमचा वाजवला. पण "ताटली सरकवा" असं एकाच्याही तोंडून निघेना.

मिसेस प्रथेरोंचा कप हवेतच थांबला.

"तुमच्या जेवणात डबी कशी फिरते हो?"

"डावीकडे," एकजण म्हणाले. "नोकर बाहेर गेले की कॉलेजच्या प्रमुखांपासून निघते आणि हातोहात पुन्हा प्रमुखांकडे येते. मध्ये टेबलावर ठेवायची नाही."

"आणि मागायची?"

पाचही चेहरे असे झाले, जणू बाईंनी त्यांना कपडे उतरवायला सांगितलं होतं.

"मागायची नसते, बाईसाहेब."

"लमली, डबी तुमच्याकडे आहे?"

"आहे की," लमली म्हणाले, आणि त्यांनी ती कोटाच्या खिशातून काढली. "डावीकडे क्वेनेल बसले होते, त्यांना झोप लागली. झोपलेल्याच्या हातात कशी देणार? दुसऱ्या दिवशी ते बहिणीकडे वेल्सला गेले. आले की देणार होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही!"

"आम्ही पाहिलं होतं त्यांना खिशात टाकताना," दुसरे म्हणाले. "पण विचारणं बरं दिसलं नसतं."

"आणि या पोरीचं घर जाणं बरं दिसतं?"

केक तिथेच होता. बाईंनी ताटली उचलून सरळ माझ्या हातात दिली. "खा गं तू. उलट्या दिशेने खा."

मी मात्र डबीकडे हात केला. लमलींनी ती छातीशी धरली. "नाही हं, बाळ. आता क्वेनेलची पाळी."

तर्क, विनवणी, बाईंचा आवाज, कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी ही हकीकत ऐकून पॉमफ्रेटसाहेबांनी वेल्सला तार केली. रविवारी संध्याकाळी क्वेनेल कुरकुरत आले, सगळे आपापल्या त्याच खुर्च्यांवर बसले, आणि डबी उरलेला प्रवास करून प्रमुखांच्या हातात पोचली. बाबा दाराबाहेर उभे होते. क्वेनेल पुन्हा झोपू नयेत म्हणून मिसेस प्रथेरो खिडकीखाली कुणाकडून तरी मागून आणलेली शिकारीची तुतारी घेऊन बसल्या होत्या. ती वाजवावी लागली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

माफी कुणी मागितली नाही. तीही मागायची पद्धत नव्हती. पॉमफ्रेटसाहेब जाताना दारात थबकले. त्यांचे गाल अजून सुजलेले होते.

"तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा येतो म्हणे, टॅपसेल. सुतार पाठवतो. हिवाळ्याआधी झालेलं बरं."

"फार बरं होईल, साहेब," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी हे आईला सांगितलं. आईने "हिवाळ्याआधी म्हणाले?" असं दोनदा विचारलं, आणि मग पातेल्यांवरचे कागद सोडायला बसली.