मोरिता सरांचं फडकं

हानाने ओलं फडकं माझ्यापुढे धरलं आणि मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

ती दहा वर्षांची जपानी पोरगी हसतच होती. तिला वाटलं, मला कळलं नाही. तिने खाली बसून फरशी पुसून दाखवली आणि पुन्हा फडकं पुढे केलं. कळलं होतं गं बाई, चांगलं कळलं होतं! अकोल्याच्या आमच्या बी.एड. कॉलेजातून मी एकटी निवडून आले होते, महिनाभर जपानी शाळेत शिकायला आणि शिकवायला. झाडू-पोछा करायला नाही.

माझी आई, मैनाबाई, बाळापूरच्या एका शाळेत झाडझूड करते. मी तिथेच चौथीत असताना ती तापाने फणफणली, तर मास्तरांनी भरल्या वर्गातून मला उठवलं आणि हातात झाडू दिला. एवढ्या पोरांत मीच का, हे विचारायची गरज नव्हती. मी झाडत होते आणि बाकांवरची पोरं पाय वर घेत होती. त्या संध्याकाळी आई अंथरुणातून उठून बसली आणि म्हणाली, "शाळेत झाडू हाती धरशील तं मले मेली समज." मी शब्द दिला आणि पाळला.

आणि इथे अख्खा वर्ग गुडघ्यांवर! वर्गशिक्षिका फळ्याखाली पुसत होत्या. जिन्यावर मुख्याध्यापक मोरिता, साठीचे गृहस्थ, बाह्या सरसावून, मधूनच गुडघा चोळत एकेक पायरी पुसत होते. मी एकटीच लाटसाहेबासारखी ताठ उभी. मला लाज वाटली, रागही आला. कोणावर, ते कळेना. शेवटी जिन्याजवळच्या व्हरांड्यात जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे शाळा भरायची वेळ. आईच्या काखेत झाडू होता.

"काहून वं, बरी हायेस ना?"

मी मोरितांना खुणेने विचारलं, दाखवू का. त्यांनी मान डोलावली, तसा फोन त्यांच्याकडे फिरवला.

"हा कोन बुढा?"

"हेडमास्तर."

"हट! गंमत करून राहिली का माह्यी?"

"खरंच वं आई. इथं सारेच पुसतात. रोज."

आईने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "म्हंजे त्यायच्या शिपाईनबाईची नोकरी गेली म्हना."

मला हसू फुटलं. "ते जाऊ दे. मी काय करू? तुले शब्द देल्ला हाय."

"तुले एकटीले सांगतलं का त्यानं?"

"नाई. सगळ्यायले."

"मंग पूस ना, बावळट! एकटीले उठवलं होतं तुले, ते झोंबलं होतं मले. सगळ्यायसंगं कायची लाज? आन् कोपरे नीट पूस, माहं नाव खराब नको करू."

मी ओढणी कमरेला खोचली. हानाने आणि मी फरशी पुसायची शर्यत लावली. मी जिंकले, सांगून ठेवते.

परत आल्यावर सरावाच्या पाठांसाठी मी आईचीच शाळा मागून घेतली. मुख्याध्यापक आता नवे होते, उत्तमराव सर. त्यांना म्हटलं, "सर, शनिवारी शेवटच्या तासाले सगळी शाळा मिळून साफ करू. शिक्षकांसकट."

"पोरी, पालक भांडाले येतीन."

"येतीनच. म्हनून पयलं फडकं तुमी घ्या."

"माह्ये गुडघे दुखतात वं."

"जपानच्या हेडमास्तरायचे, मोरिता सरायचेही दुखत होते."

"आन् मैनाबाईनं काय कराचं?"

"तिले दिवसभर काम हाये, सर. हा एक तास ती बसन."

सरांनी बाह्या सरसावल्या. मग म्हणाले, "आन फडकं."

शनिवारी आई दारातच घुटमळली. सवयीने तिचा हात झाडूकडे गेला. मी तो काढून घेतला आणि तिला चौथीच्या वर्गात, टेबलामागच्या खुर्चीवर बसवलं.

"अवं, सरायची खुर्ची हाय ते!"

"बस."

ती अगदी कडेवर टेकली. पोरं फडकी घेऊन पसरली, शाळेतल्या दोघी शिक्षिकाही वाकल्या. उत्तमराव सर "बाप्पा रे!" म्हणत गुडघ्यांवर आले आणि पुसत पुसत खुर्चीपाशी पोचले.

"मैनाबाई, जरा पाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. पदर सावरला. आणि दोन्ही पाय वर घेतले.