नव्या गिटारीचं घासलेलं पोट

मरोदा वस्तीत सुनिताची गिटार आली त्या दिवशी स्टील प्लांटच्या भोंग्यानंही वाजायच्या आधी घसा खाकरला म्हणतात. गिटारच तशी होती. सातासमुद्रापलीकडच्या एका नामांकित गवयाच्या गिटारीची हुबेहूब नक्कल. मूळ गिटारीच्या किमतीत अर्धं मरोदा विकत आलं असतं; ही मात्र सुनिताच्या शिकवण्यांच्या कमाईत बसली. नुसती छेडली तर घर भरायची, वायर जोडली तर मोहल्ला.

तिचे वडील देवाजी रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. नव्या सुनेभोवती फिरावं तसे ते गिटारीभोवती फिरले आणि एकदम थबकले. भोकाखालचा रंग घासून लाकूड उघडं पडलं होतं.

"सुनिता, सेकंडहँड माल गळ्यात मारला वं कोणी तुह्या!"

"नवीच हाय, बाबा. त्या गवयाची वाजवून वाजवून तिथं घासली. म्हणून कंपनीनं हीपण तशीच घासून देली."

"आमच्या मिलमधून असा माल निघाला असता तं फोरमननं आमालेच घासलं असतं!"

यावर हसून भागलं असतं. पण सुनिताला यंदा भीमजयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदाच वाजवायचं होतं, आणि गायन मंडळाचे प्रमुख गुलाबराव गिटार बघायला आले. ते घासलेलं पोट दिसताच त्यांनी चष्मा उतरवला.

"नाई जमत. आपल्या आज्यायनं लोकायचे उतरलेले कपडे घातले. जयंतीच्या स्टेजवर कोणाचं उतरलेलं दिसाले नाई पाहिजे. ना कपडा, ना बाजा."

"काका, नवी हाय जी!"

"मले सांगशीन. एवढ्या पब्लिकले कोण सांगत बसन?"

सुनितानं खोलीचं दार लावून घेतलं. देवाजींना गुलाबरावांचं म्हणणंही पटत होतं आणि पोरीचं तोंडही बघवत नव्हतं. जयंतीच्या सकाळी ती वंदनेला विहारात गेली, तशी त्यांनी पॉलिश पेपर, पुट्टी आणि ब्रश काढला. कूलर, पलंग, सायकली, मोहल्ल्यातलं काहीच त्या ब्रशाच्या तावडीतून सुटलं नव्हतं. एकदा शेजाऱ्याची म्हैस थोडक्यात वाचली. एप्रिलचं ऊन असं की पेंट ब्रशवरच वाळायचा. सुनिता परतली तेव्हा गिटारीचं पोट निळंशार.

"बाबा! ती त्या माणसाच्या मेहनतीची खूण होती!"

"त्याच्याच ना? मग त्याची मेहनत तू कावून मिरवून राहिली? वाजव. तुही खूण पडू दे."

सुनितानं गिटार उचलली. आवाज मेला की काय, या धास्तीनं तिनं तार छेडली. दुसरी एखादी गिटार एवढा पेंट पिऊन आडवी झाली असती. ही खणखणीत बोलली.

संध्याकाळी गुलाबरावांनी निळ्या पोटावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं का पाहिलं आणि म्हणाले, "चढ वर."

सुनितानं वायर जोडली. पहिला सूर निघाला तो थेट नंदिनी नगरच्या खाणीत उतरला आणि तिथला चुनखडीचा दगड म्हणे आपोआप फुटू लागला. तिकडे दूर कुम्हारीत हायवेवरची बस ब्रेक न दाबता थांबली. एवढंसं स्वस्त लाकूड, पण सुनिताच्या गाण्याचा एक शब्द त्यानं खाली पडू दिला नाही. हार्मोनियमवर बसलेले गुलाबराव भाता ओढायचंच विसरले.

गाणं संपलं. पब्लिक उठून उभं राहिलं.

"दुसरं घे, पोरी," गुलाबराव म्हणाले. "मी नुसता आयकतो." मग पहिल्या रांगेतल्या देवाजींकडे वाकून, हळूच, "उद्या माही पेटी आणू का? तिलेही एक हात मारून दे."