ढकलायचं नाही

शौनक देवचक्केचा फोन आला तेव्हा राजनंदिनी येरवड्याच्या मैदानावर मुलींना टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, शिकवत होती.

"ताई, पुण्याची स्वतःची प्रोफेशनल रग्बी टीम येतेय. तुमच्याशिवाय कसं होणार?"

राजनंदिनी शेलार राज्याची कर्णधार होती, देशाकडून खेळली होती, दोनदा खांदा निखळवून घेतला होता. एवढं करून पुण्यात तिला ओळखणारे दोघंच : हाडांचा डॉक्टर आणि मैदानाचा रखवालदार. त्यामुळे आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतंय हे ऐकून तिला बरं वाटलं. कोचिंगचं काम असणार, असं ती धरून चालली. ती हो म्हणाली.

शौनक म्हणजे बिल्डर देवचक्केंचा धाकटा. शिकायला परदेशी गेला, तिथं बारमधल्या टीव्हीवर रग्बी पाहिली, आणि परत आल्यावर वडिलांनी त्याला संघ घेऊन दिला. दुसऱ्या कुणाच्या मुलाला मोटरसायकल मिळते.

निवड चाचणीला राजनंदिनीनं आपल्या मैदानावरची पोरं पाठवली. त्यात हिंदुराव होता. हडपसरच्या भाजी बाजारात पोती उतरवायचा आणि स्क्रममध्ये पहिल्या ओळीत उभा राहायचा. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी माना खाली घालून, खांदे अडकवून एकमेकांना रेटतात तो प्रकार. पहिल्या ओळीवर सगळा भार येतो. हिंदुरावचे दोन्ही कान त्यात चेंगरून फुलकोबीसारखे झाले होते.

तो लगेच परत आला.

"काय झालं रे?"

"फोटो काढला, ताई. म्होरनं एक, बाजूनं एक. म्हणले, कळवतो."

"आणि खेळ?"

"बॉल आणलाच नव्हता त्यांनी."

संघाच्या उद्घाटनाला राजनंदिनी जुना इंडियाचा ब्लेझर घालून हॉटेलात पोचली. कार्यक्रमाचं बघणारी चैताली तिच्यासाठी नऊवारी, नथ आणि औक्षणाचं तबक घेऊन तयार होती.

"मॅम, प्लेयर्स एकेक करून एन्ट्री घेतील, तुम्ही ओवाळायचं. एकदम मराठमोळा व्हाइब येईल."

"मी कोच म्हणून आलेय."

"कोच? कोच न्यूझीलंडचे आहेत, मॅम. तुमचं नाव इथे 'सुवासिनी' म्हणून आहे."

"माझं लग्न झालेलं नाही."

"चालेल, मॅम," चैताली मोठ्या मनानं म्हणाली.

राजनंदिनी तेव्हाच निघाली असती. पण दारामागं रांगेत उभे असलेले खेळाडू तिला दिसले आणि ती थांबली. नथ तिनं टेबलावर ठेवली आणि ब्लेझरवरच तबक हातात घेतलं. परदेशी खेळाडू आले. त्यांच्या माना आणि कान बघून खरे रग्बीवाले असल्याची ओळख पटत होती. मग चार स्थानिक आले. स्पर्धेचा नियम होता, प्रत्येक संघात चार गडी शहरातलेच हवेत. चौघांचे दंड तेल लावल्यासारखे चकचकीत, कान मात्र नुकतेच दुकानातून आणल्यासारखे.

"तू कुठं खेळतोस?" पहिल्याला कुंकू लावताना तिनं हळूच विचारलं.

"बाणेरला."

"मैदानावर कुठं?"

तो गोंधळला. "डावीकडे, बहुतेक."

"स्क्रममध्ये?"

"सरांनी पहिल्या रांगेत सांगितलंय. फोटोत चेहरा येतो म्हणून."

तबक तिथल्याच वेटरच्या हाती देऊन ती शौनककडे गेली. तो कॅमेऱ्यासमोर हसत होता.

"ही जिममधली पोरं तुम्ही पहिल्या ओळीत उभी करणार?"

"ताई, लुक बघा ना त्यांचा!"

"मान मोडते तिथं. न शिकलेल्या माणसाची हमखास मोडते. माझा हिंदुराव आठ वर्षं खेळतोय, त्याला घ्या."

"तो पोट सुटलेला? ताई, जर्सी विकायच्यात आपल्याला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि इथे रग्बी कळतं कोणाला?"

"हो ना. म्हणून तर तुमचं निभावतंय," राजनंदिनी म्हणाली आणि घरी गेली.

पहिला सामना तिनं तिकीट काढून पाहिला. पुढच्या रांगांत आयटी कंपन्यांतून बसनं आणलेली माणसं फुकटची टोपी घालून बसली होती. पहिलाच स्क्रम लागला. समोर चेन्नईचे आठ दांडगे वाकले, आणि बाणेरचा मुलगा पांढरा पडला. त्यानं चक्क हात वर केला आणि बाजूला झाला. बदली गडी आला, तोही बाकीच्या तिघांतला. रेफरीनं त्याला दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला : या संघाकडे पहिल्या ओळीचे पुरेसे शिकलेले गडी नाहीत, सबब यापुढं स्क्रममध्ये ढकलायचं नाही.

असा नियम आहे. मग दोन्ही संघ नुसतेच एकमेकांना टेकून उभे राहिले, गर्दीच्या बसमध्ये उभं राहावं तसे. बॉल अलगद मागे यायचा. आयटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालक "शिस्त बघा, शिस्त!" म्हणून ओरडला. राजनंदिनीला इतकं हसू आलं की शेजारचे बघायला लागले. पुणे एकतर्फी हरलं. पण कुणाची मान मोडली नाही, आणि पहिल्याच फटक्यात बाजूला झालेला तो मुलगा तिला त्या अख्ख्या संघात एकटाच शहाणा वाटला.

आठवड्यानं शौनकचा फोन आला. पहिल्या ओळीला शिकलेला गडी आणा, अशी स्पर्धेच्या आयोजकांनी तंबी दिली होती. "ताई, तुमचा तो माणूस पाठवा ना."

"त्याला नाव आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिनं हिंदुरावला सगळं सांगितलं. तो नाही म्हणेल याची तिला खात्री होती.

"जातो की," तो म्हणाला.

"अरे, त्यानं तुझा फोटो बघून तुला हाकललं. आता अडलं म्हणून बोलावतोय."

"म्हायती हाय, ताई. माणूस फालतूच हाय." हिंदुराव बुटाची नाडी बांधत राहिला. "पर आठ वर्सं हितं खेळलो, बघाया कोण व्हतं? कुत्री. मला एकदा भरल्या मैदानात खेळायचं हाय."

राजनंदिनीला त्याचा राग आला, आणि मग आपल्याच रागाची लाज वाटली. तिनं त्याला समोर उभं केलं, खांदा धरला आणि अंधार पडेपर्यंत पकड पक्की करून घेतली.

हिंदुराव उरलेला हंगाम खेळला. संघ बहुतेक सामने हरला, पण स्क्रममध्ये ढकलून. पुढच्या वर्षी शौनकनं तो संघ दुसऱ्या शहराला विकला, हिंदुरावसकट, आणि पिकलबॉलची कोर्टं काढली. त्याच हिवाळ्यात एका क्रीडा मंडळानं 'पुण्यातील रग्बीचे जनक' म्हणून शौनकचा जाहीर सत्कार केला. राजनंदिनीलाही निमंत्रण होतं, पाचव्या रांगेचं. ती गेली नाही.

हिंदुराव सुट्टीवर आला होता, तो गेला. जेवण चांगलं होतं म्हणाला.